प्रकाशाची सीमारेषा : जुन्या मोटारीतील नव्या दिव्याचा इतिहास

१/
रात्रीच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांत घुसतो आणि दोन-तीन क्षण पुढचे काहीच दिसत नाही. हा अनुभव ठाऊक नसलेला चालक विरळाच. या त्रासावर माणूस शंभराहून अधिक वर्षे उपाय शोधत आला आहे. त्यांतला एक उपाय म्हणजे प्रोजेक्टर हेडलाइट. आज जगभरातील हौशी मंडळी तो आपल्या जुन्या मोटारीत घरच्या घरी बसवतात. आजचा धागा या दिव्याच्या इतिहासाचा.

२/
हेडलाइटची कथा बहुधा उजेड वाढत गेल्याची कथा म्हणून सांगितली जाते : तेलाचा दिवा, कार्बाइड, वीज, हॅलोजन, झेनॉन, एलईडी. हे खरे आहे. पण उजेड वाढवणे हा या कामातला सोपा भाग होता. तो नेमका कुठे थांबवायचा, हा अवघड भाग. वाचकहो, पुढील प्रत्येक टप्प्यावर हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटेल.

३/
पहिल्या मोटारींवर घोडागाडीचेच तेलदिवे होते. त्यानंतर कार्बाइडचे दिवे आले. आपल्याकडे आंबे पिकवण्यासाठी चोरून वापरले जाते तेच कॅल्शियम कार्बाइड. त्यावर थेंब थेंब पाणी पडले की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि तो लख्ख पांढऱ्या ज्योतीने जळतो. वारा-पावसात ही ज्योत टिकाव धरी. मात्र दर वेळी गाडीतून उतरून ती काडीने पेटवावी लागे.

४/
१९१२ साली कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेली विजेची व्यवस्था आणली. इंजिन सुरू करणे, ठिणगी पाडणे आणि दिवे लावणे, ही तिन्ही कामे एकाच व्यवस्थेतून होऊ लागली. १९१५ पासून फोर्डच्या 'मॉडेल टी'लाही विजेचे हेडलाइट मिळाले. त्यांना वीज थेट इंजिनाच्या मॅग्नेटोकडून मिळत असल्याने गाडी हळू झाली की दिवेही मंद होत. साहजिकच मालक स्वतःच्या हाताने दिव्यांत सुधारणा करू लागले. टपालाने सुटे भाग मागवावेत आणि अंगणात बसवावेत, ही रीत तेव्हापासूनची.

५/
या दिव्यांमागे होता अन्वस्ताकार आरसा, म्हणजे पॅराबोला. त्याच्या नाभीवर ठेवलेल्या ज्योतीचे किरण आरशावर आपटून समांतर होतात आणि दूर जातात. हा गुण प्राचीन ग्रीकांनाही ठाऊक होता. रस्ता मोकळा असेल तर याहून चांगले काही नाही. पण समोरून माणूस आला की तोच समांतर झोत सरळ त्याच्या डोळ्यांत जातो. विजेचे दिवे प्रखर झाले आणि 'दिपवणे' ही सार्वजनिक तक्रार बनली.

६/
पहिले लोकप्रिय उत्तर १९२४ चे. ओसराम कंपनीचा 'बायलक्स' बल्ब आला. एकाच काचेत दोन तारा : एक दूरच्या उंच झोतासाठी, दुसरी खाली झुकलेल्या झोतासाठी. खालच्या झोताच्या तारेखाली धातूची छोटी वाटी बसवलेली असे. ती वाटी तारेचा उजेड आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडू देत नसे. पडला असता तर तो वर उसळला असता. 'अप्पर-डिपर' हा आपल्या चालकांच्या तोंडचा शब्द ज्या व्यवस्थेतून आला, तिचा गाभा म्हणजे ही नखाएवढी वाटी. उजेड वाया घालवून सुरक्षितता मिळवण्याचा हा सौदा होता.

७/
फ्रान्सने वेगळी वाट धरली. १९३६ च्या कायद्याने तेथील मोटारींचे हेडलाइट पिवळे झाले. पिवळा उजेड डोळ्यांना कमी खुपतो, ही त्यामागची भूमिका. १९९३ मध्ये युरोपातील नियमांशी मेळ घालताना ही सक्ती सुटली. सुमारे सहा दशके फ्रान्समधली गाडी रात्री दुरूनही ओळखू येई.

८/
अमेरिकेने १९४० च्या मॉडेलांपासून 'सील्ड बीम' स्वीकारला : सात इंची गोल दिवा, ज्यात तार, आरसा आणि भिंग एकाच बंद काचेच्या कवचात असत. तार जळाली की सगळा दिवा बदलायचा. जुन्या दिव्यांत पाणी आणि धूळ शिरून आरसा काळवंडे, बल्ब तिरका बसे आणि झोत भलतीकडे जाई. बंद कवचात या कशालाच वाव नव्हता. हा उपाय उत्तम होता. पण पुढील चार दशके अमेरिकेच्या नियमांनी दुसऱ्या कोणत्याही रचनेला दार उघडले नाही.

९/
याच काळात एक फार सुंदर कल्पना हरली. पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांना ध्रुवित प्रकाशाने हा प्रश्न कायमचा मिटवायचा होता. प्रत्येक हेडलाइटवर आणि प्रत्येक चालकासमोर ४५ अंशांत तिरपी ध्रुवक पट्टी बसवायची. स्वतःचा उजेड स्वतःच्या पट्टीतून दिसतो. समोरच्याचा उजेड मात्र तिच्याशी काटकोनात येतो आणि अडतो. कागदावर यात खोट नव्हती.

१०/
व्यवहारात दोन अडचणी आल्या. पट्टी निम्म्याहून अधिक उजेड गिळते, म्हणून दिवे बरेच प्रखर हवेत. आणि दुसरी, खरी अडचण : रस्त्यावरची प्रत्येक जुनी गाडी बदलल्याशिवाय ही योजना चालत नाही. पट्टी नसलेल्या चालकाला ते प्रखर दिवे अधिकच दिपवणार. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या मोटार उद्योगाने ही योजना बाजूला ठेवली. रस्त्यावर नवा शोध जुन्या गाड्यांच्या गर्दीत उतरतो. तिथे तो टिकेल की नाही, हे त्या जुन्या गाड्याच ठरवतात.

११/
युरोपने १९५७ मध्ये असममित झोत स्वीकारला. समोरून येणाऱ्यांच्या बाजूला प्रकाशाची रेषा खाली, सपाट; आपल्या कडेच्या बाजूला ती वर चढलेली, म्हणजे पादचारी, सायकलस्वार आणि पाट्या दिसतात. १९५८ मध्ये वाहनांच्या समान मानकांसाठी जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या कराराखाली निघालेला क्रमांक एकचा नियम असममित हेडलाइटविषयी होता. प्रकाशाची रेषा ही आता राष्ट्राराष्ट्रांतील कराराची बाब झाली होती.

१२/
१९६२ मध्ये मोटारीचा पहिला हॅलोजन बल्ब एच१ आणि १९७१ मध्ये दोन तारांचा एच४ आला. आपल्याकडच्या असंख्य जुन्या मोटारींत हाच ६०/५५ वॉटचा एच४ आहे. खालच्या झोतात तो सुमारे १००० ल्युमेन प्रकाश देतो. त्याच्या आत डोकावले तर खालच्या झोताच्या तारेखाली तीच १९२४ ची वाटी दिसते.

१३/
अमेरिकेतील शौकीन मात्र अडकले होते. युरोपातील एच४ दिवा सील्ड बीमच्या सात इंची खोबणीत चपखल बसे, पण अमेरिकेच्या मानकांत तो बसत नसे. तरीही सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत अनेकांनी फ्रेंच सिबिए किंवा जर्मन हेला कंपनीचे दिवे आणून घरी बसवले. कायदा मागे आणि तंत्र पुढे, अशा फटीत घरगुती फेरबदल वाढतो. अमेरिकेने बदलता येणाऱ्या बल्बाचे हेडलाइट १९८३ मध्ये मान्य केले.

१४/
आता प्रोजेक्टर. अन्वस्ताला एकच नाभी असते, लंबवर्तुळाला दोन. एका नाभीवरचा प्रकाश लंबवर्तुळाकार आरशावर आपटून दुसऱ्या नाभीवर गोळा होतो. या बिंदूला 'फोकस' हे नाव १६०४ मध्ये योहानेस केप्लर यांनी दिले. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ चूल. प्रोजेक्टर हेडलाइटमध्ये बल्ब पहिल्या नाभीवर असतो. दुसऱ्या नाभीजवळ धातूचा पातळ आडपडदा असतो आणि त्यापुढे बहिर्वक्र भिंग.

१५/
भिंग त्या आडपडद्याच्या कडेची उलटी प्रतिमा रस्त्यावर टाकते. पडदा खालून अडवतो, म्हणून रस्त्यावर अंधार वर पडतो. रेषेखाली लख्ख उजेड, रेषेवर जवळजवळ काळोख. चित्रपटगृहातील प्रोजेक्टरचे तत्त्व हेच. म्हणून नावही तेच. उतारावर समोरच्या गाडीचे दिवे क्षणभर निळसर झळकतात, ती या रेषेचीच कड असते. भिंगातून जाताना तिथे रंग किंचित वेगळे होतात.

१६/
१९८६ च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजमध्ये असे दिवे आले. १९९१ मध्ये त्याच मालिकेत झेनॉन दिवा आला. त्यात तार नाही. वायूतून विजेची कमान पेटते. ३५ वॉटमध्ये सुमारे ३२०० ल्युमेन. एवढ्या प्रखर उजेडाला युरोपच्या नियमांनी दोन अटी घातल्या : गाडीत ओझे वाढले तरी झोताची उंची आपोआप सावरणारी यंत्रणा हवी, आणि दिव्याची काच धुणारी व्यवस्था हवी. १९९९ मध्ये मर्सिडीझ सीएलमध्ये आडपडदा हलता झाला आणि एकाच प्रोजेक्टरमधून दोन्ही झोत मिळू लागले.

१७/
नव्या गाड्या अपघातांत मोडल्या आणि त्यांचे सुटे भाग भंगारात आले. २००० नंतर अमेरिकेत होंडा एस२०००, अक्युरा टीएसएक्स यांसारख्या गाड्यांचे प्रोजेक्टर हौशी लोकांत नावाजले गेले, कारण त्यांची रेषा रेखीव होती. मागणी वाढली तशी चोरीही वाढली. न्यू जर्सीत निस्सान मॅक्सिमाचे झेनॉन दिवे रातोरात उपटून नेले जात. एकाची जुनी गाडी उजळत होती; दुसऱ्याची नवी गाडी सकाळी आंधळी सापडत होती.

१८/
घरी हे काम कसे होते? हेडलाइटची पुढची काच ब्यूटाइल नावाच्या चिकट लगद्याने चिकटवलेली असेल तर दिवा ओव्हनमध्ये बेताने तापवतात. लगदा मऊ होतो आणि काच अलगद सुटते. जुना आरसा कापून त्यात प्रोजेक्टर बसवतात, रेषा आडवी आहे ना ते भिंतीवर पाहतात, आणि पुन्हा लगदा लावून काच बंद करतात. हवा खेळण्याची छिद्रे बुजली किंवा लगदा कुठे सुटला, तर पहिल्याच पावसाळ्यात आत बाष्प धरते.

१९/
खरी मेख पुढच्या काचेत आहे. जुन्या मोटारींच्या काचेवर उभ्या-आडव्या धारा असतात. त्या नक्षीसाठी नाहीत. आरशातून आलेला उजेड रस्त्यावर पसरवण्याचे काम त्यांचे. प्रोजेक्टर मात्र घडवलेला झोत बाहेर टाकतो. तो धारांच्या काचेतून गेला की पुन्हा विस्कटतो आणि इतक्या खटाटोपाने मिळवलेली रेषा पुसली जाते. म्हणून साधी पारदर्शक काच मिळत नसेल, तर हे काम न केलेलेच बरे.

२०/
याहून मोठी चूक म्हणजे आडवाट : आरसा जुनाच ठेवून त्यात नुसता झेनॉन किंवा एलईडी बल्ब खोचणे. तो आरसा ठरावीक जागी असलेल्या, ठरावीक लांबीच्या तारेसाठी कोरलेला असतो. प्रकाशाचा उगम मिलिमीटरभर सरकला किंवा त्याचा आकार बदलला, तरी सगळी भूमिती बिघडते. चालकाला गाडीपुढचा रस्ता लखलखीत दिसतो आणि तो खूश होतो. वर उसळलेला उजेड त्याला दिसत नाही; तो समोरच्याला दिसतो.

२१/
दुसरा धोका दिशेचा. अमेरिका व बहुतांश युरोप रस्त्याच्या उजवीकडून चालतात. त्यांच्या दिव्याची रेषा उजवीकडे वर चढते. असा प्रोजेक्टर भारतात बसवला तर ती चढती रेषा थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जाते. आपल्याला डावीकडे चढणारी रेषा हवी, म्हणजे जपान, ब्रिटन किंवा भारतासाठी बनलेला दिवा. युरोपीय मानकाच्या काचेवर याची खूणही असते : दिव्यासमोर उभे राहून पाहिल्यास उजवीकडे वळलेला बाण असेल, तर तो डाव्या बाजूने चालणाऱ्या देशांसाठीचा.

२२/
तिसरा धोका कोनाचा. त्याचे गणित सोपे आहे. दिवा जमिनीपासून ६५ सेंटीमीटर उंच आणि रेषेचा उतार एक टक्का धरू, म्हणजे दर १० मीटरला १० सेंटीमीटर. अशी रेषा ६५ मीटरवर जमिनीला टेकते. आता दिवा फक्त एका अंशाने वर बसला, तर तीच रेषा ६० मीटरवर सुमारे ११० सेंटीमीटर उंचीवर असेल. छोट्या मोटारीत बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात. एक अंश म्हणजे स्क्रूचे काही फेरे.

२३/
आपल्याकडचा इतिहास याहून वेगळा नाही. ट्रकच्या मागे रंगवलेले 'यूज डिपर ॲट नाइट' हे आर्जव आपण सगळ्यांनी वाचले आहे. हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या काचेला काळा रंग फासण्याची जुनी पद्धतही अनेकांना आठवत असेल. बायलक्सच्या वाटीचीच ती ओबडधोबड बहीण. महामार्गांच्या दुभाजकावर लावलेली कण्हेर आणि बोगनवेलही शोभेपुरती नसते. समोरचा झोत अडवणारा तो हिरवा आडपडदा आहे. आपल्या घाटरस्त्यांवर मात्र बहुतेक ठिकाणी दुभाजक नाही, आणि तिथे चूक सावरायला जागाही नाही.

२४/
६०/५५ ऐवजी १००/९० वॉटचा बल्ब हा आपल्याकडचा लाडका उपाय. ६० वॉटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह लागतो, १०० वॉटला आठाहून अधिक. जुनी वायर आणि स्विच यांना तो भार झेपत नाही, होल्डर वितळतो. उलट, वायर गंजून व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले तर हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. म्हणून नवी वायर, चांगले अर्थिंग, रिले आणि पिवळी पडलेली काच घासून स्वच्छ करणे, एवढ्यानेच कित्येक जुने दिवे पुन्हा तरणे होतात. प्रोजेक्टरचा विचार त्यानंतर.

२५/
कायद्याचे भानही हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मूळ रचनेपेक्षा वेगळा ठरणारा फेरबदल करण्यावर निर्बंध आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही भूमिका ठामपणे मांडली. घरच्या ओव्हनमध्ये उघडलेल्या दिव्याची चाचणी कोणत्याही प्रयोगशाळेने केलेली नसते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत प्रकाशाचा एकेक बिंदू मोजून दिवा मंजूर होतो. आपल्या हाताशी असते एक भिंत आणि खडूची रेघ. झेनॉनचा बॅलास्ट दिवा पेटवताना २० हजार व्होल्टपेक्षा मोठा झटका देतो, हेही विसरू नये.

२६/
पुढचे पाऊल पडलेच आहे. आजचे मॅट्रिक्स एलईडी दिवे कॅमेऱ्याने समोरची गाडी ओळखतात आणि झोतातून तेवढाच तुकडा विझवतात. उरलेला रस्ता उजळलेलाच राहतो. युरोपात हे आधी रूढ झाले, अमेरिकेने त्याला २०२२ मध्ये परवानगी दिली. वाटीच्या जागी पडदा आला, पडद्याच्या जागी संगणक. काम तेच राहिले.

२७/
जुन्या गाडीवर जीव असलेल्या माणसाने तिला चांगली नजर द्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे, आणि हे काम नीट करणारे हातही आहेत. त्यांची ओळख एकच : ते अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करतात, रेषा मोजतात, आणि मग स्वतः चालत समोर जाऊन, येणाऱ्याच्या उंचीवर डोळे नेऊन पाहतात. हेडलाइट आपल्या गाडीचा असला, तरी त्याच्या उजेडावर दोन माणसांचा हक्क असतो. दुसरा माणूस समोरून येत असतो.

धागा इथे संपतो. आपल्या गाडीच्या दिव्यांचा अनुभव असल्यास खाली अवश्य लिहा, आणि रात्री प्रवास करणाऱ्या आपल्या माणसांपर्यंत हा धागा पोहोचवा.